शाळेची धास्ती घेतलेलं मूल पुन्हा वर्गात कसं बसतं: एका बापाची टिपणं

गेल्या वर्षीचा श्रावण. गुरुवार होता, म्हणजे माझ्या कंपनीची सुट्टी, म्हणून नेहमीच्या व्हॅनऐवजी मुलीला शाळेत सोडायला मी गेलो. ती नववीत. पुण्यात टिळक रोडवरून आत वळून फाटकापाशी ॲक्टिव्हा लावली. ती उतरली, पण हेल्मेट काढेना. प्रार्थनेची घंटा झाली, फाटक अर्धं लागलं, शिपाईमामा दोनदा डोकावून गेले, तरी ही गाडीला टेकून तशीच उभी, काच खाली ओढलेली. मला वाटलं, नाटकं चाललीत. दंड धरून दोन पावलं ओढलं, तेव्हा आतून हुंदका ऐकू आला. काच आतल्या बाजूनं वाफेनं भरली होती.

त्यानंतर अकरा दिवस ती शाळेत गेली नाही, आणि पूर्ण वेळ वर्गात बसायला फेब्रुवारी उजाडला. मधल्या महिन्यांत आम्ही काय केलं, कुठे तोंडावर आपटलो, डॉक्टरांनी आणि समुपदेशक ताईंनी काय शिकवलं, ते क्रमानं लिहितोय. मी भोसरीला कंपनीत नोकरी करतो, डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. पण रोज सकाळी सहा वाजता दारात उभं राहायचं असतं ते आईबापांनाच, आणि त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

दांडी आणि धास्ती यांत गल्लत नको

दांडी मारणारं मूल घरी थाप मारतं, दप्तर घेऊन निघतं आणि शाळेच्या वेळात भलतीकडे असतं. धास्ती घेतलेलं मूल घरातच असतं आणि घरच्यांना ते माहीत असतं. अभ्यास बुडाल्याचं त्याला वाईट वाटतं, रात्री ते स्वतः दप्तर भरून ठेवतं, आणि सकाळी सॉक्सचा एक पाय घालून तसंच बसून राहतं. या प्रकाराला १९४१ साली अमेरिकेत ॲडलेड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा 'स्कूल फोबिया' म्हटलं. हल्ली 'स्कूल रिफ्यूजल' हा शब्द जास्त चालतो. तो आजार नाही, लक्षण आहे. मागे चिंता असू शकते, नैराश्य असू शकतं, अभ्यासातली अक्षमता असू शकते किंवा वर्गातला छळ.

पोट खरंच दुखतं, हे आधी मान्य करा. मला ते मान्य करायला दोन आठवडे लागले. खरं तर आपल्या भाषेनं हे केव्हाच टिपून ठेवलंय: पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते, छातीत धडधडतं. धोका जाणवला की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, रक्त पचनाकडून स्नायूंकडे वळतं आणि मळमळतं. आता रविवारी दुखत नाही म्हणजे मूल खोटं बोलतंय, असा हिशोब आम्हीही केला. रविवारी धोक्याची घंटाच वाजत नाही, तर दुखेल कशाला?

दुसरी गोष्ट समजली नाही तर पुढचं सगळं फुकट. 'बरं, आज राहू दे' म्हटल्याबरोबर पाच मिनिटांत मुलाचा चेहरा खुलतो. मेंदू एवढंच शिकतो: घरी राहिलो, सुटलो. उद्याची भीती आजच्यापेक्षा थोडी मोठी होते. म्हणून नुसतं राहू देणंही चालत नाही आणि ओढत नेणंही चालत नाही. भीती पेलेल इतकी छोटी करून रोज थोडी थोडी समोर ठेवायची, एवढी एकच युक्ती आहे. बाकी सगळा तिचा तपशील.

पहिला आठवडा: तपासणी आणि एक वही

सगळ्यात आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. रक्तक्षय, थायरॉइड, मायग्रेन, पाळीचा त्रास, डोळ्यांचा नंबर हे बघून घ्यावं. आमच्याकडे हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. आजीनं त्याच संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. काढू दिली. नातीला त्यातून 'आजी माझ्या बाजूची आहे' एवढं कळलं, आणि ते काही कमी नव्हतं. तपासण्या मात्र एकदा झाल्या की थांबवा. दर सोमवारी नवी सोनोग्राफी करत बसलात तर मुलाला वाटतं, काहीतरी भयंकर आहे आणि सापडत नाहीये.

मग एक छोटी वही घ्या. रोज चार ओळी: किती वाजता त्रास सुरू झाला, त्या दिवशी कुठले तास होते, आदल्या रात्री झोप किती झाली, घरी राहिल्यावर तिनं काय केलं. दहा-बारा दिवसांत नक्षी दिसायला लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कर्नी यांनी शाळा टाळण्याची चार कारणं मांडली आहेत, ती वही वाचताना कामी येतात. शाळेतली एखादी जागा किंवा गोष्ट नकोशी वाटणं, उदाहरणार्थ गर्दी, गोंगाट, शाळेचं स्वच्छतागृह. लोकांसमोर उभं राहण्याची, परीक्षेची, हसं होण्याची भीती. घरच्या माणसाजवळ राहण्याची ओढ, विशेषतः घरात आजारपण किंवा भांडणं असतील तर. आणि चौथं, घरी मिळणारी मजा. बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या कारणानं सुरुवात होते आणि महिनाभरात चौथं येऊन चिकटतं.

आमच्या वहीत मंगळवार आणि शुक्रवार सारखे येत होते. वेळापत्रक काढून पाहिलं, तर दोन्ही दिवशी मराठीच्या तासाला प्रकट वाचन. जूनमध्ये ती वाचताना अडखळली होती, 'नववीत येऊन एवढं वाचता येत नाही?' असं सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि मग दोन मुलींनी तिची नक्कल करून वर्गाच्या ग्रुपवर टाकली होती. हे आम्हाला सप्टेंबरात कळलं. तोवर आम्ही 'गणिताचं टेन्शन असेल' म्हणून क्लास बदलायला निघालो होतो.

छळ, मारहाण, नकोसा स्पर्श असं काही निघालं, तर खालची शिडी बाजूला ठेवा. आधी ते थांबवायचं. जिथं खरोखर धोका आहे तिथं मुलाला 'धीट हो' म्हणून पाठवायचं नसतं. शाळेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. लैंगिक छळ असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा आहे, आणि अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बोलायचं कधी आणि कसं

सकाळी नाही. सकाळी साडेसहाला मुलाचा मेंदू आग लागलेल्या घरात असतो, तिथं तुमचं तत्त्वज्ञान पोचत नाही. आणि समोरासमोर बसवूनही नाही, कारण त्याची 'मीटिंग' होते. आमचं खरं बोलणं झालं ते गाडीवर, ती मागे आणि मी पुढे, धनकवडीहून स्वारगेटकडे येताना. एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत म्हणून मुलं बोलतात. भाजी निवडताना, तळजाईवर चालताना, कपड्यांच्या घड्या घालतानाही चालतं.

'का जात नाहीस?' हा प्रश्न टाळा. तिलाही उत्तर माहीत नसतं, आणि आपण उत्तर मागतोय म्हटल्यावर ती काहीतरी जुळवून देते. त्याऐवजी छोटे प्रश्न विचारा: "व्हॅनमधून उतरल्यापासून बाकावर बसेपर्यंत सगळ्यात वाईट जागा कुठली?" "भीतीला दहापैकी किती मार्क?" हे मार्कांचं पुढे फार उपयोगी पडतं. आणि एक वाक्य मी कागदावर लिहून पाठ केलं होतं, कारण ऐनवेळी माझ्या तोंडून ते येतच नसे: "तुला भीती वाटते हे मला पटलंय. आणि आपण हळूहळू परत जायचंय, हेही ठरलंय." दोन्ही अर्धी एकाच दमात बोलायची. पहिलं अर्धं बोलून थांबलात तर लाड होतात, दुसरं अर्धंच बोललात तर धमकी.

'तुझ्या वयात आम्ही चार मैल चालत शाळेत जायचो' हे वाक्य माझ्या तोंडून दोनदा गेलं. त्यानं काय साधलं, ते त्या आठवड्याच्या वहीत आहे.

घरी राहिली, तरी दिवस शाळेचाच

घर शाळेपेक्षा मजेचं नको, आणि तुरुंगही नको. आमचे नियम असे होते: उठायची वेळ तीच, सकाळी सहा. अंघोळ, वेणी. शाळेच्या वेळात फोन आजीच्या कपाटात आणि वायफाय बंद. तीन तास अभ्यास, तोही वेळापत्रकाप्रमाणे. मधली सुट्टी शाळेच्या वेळेलाच आणि डबाच खायचा. दुपारची झोप नाही. शाळा सुटायच्या वेळेनंतर मात्र सगळं नेहमीसारखं, फोनसकट. शिक्षा म्हणून मैत्रिणींना भेटणं बंद करू नका, शाळेशी जोडणारा तोच एक धागा उरलेला असतो.

यात सगळ्यात कठीण गेलं ते आजीला पटवणं. लेकरू घरी आहे म्हटल्यावर अकरा वाजता गरम थालीपीठ, लोणी, शेजारी बसून मालिका. तिला वाटायचं, आजारी पोराचे लाड करू नयेत तर काय करावं? शेवटी ठरलं की थालीपीठ होणारच, पण दुपारी एकला, आणि ज्या दिवशी शिडीची पायरी पार पडेल त्या दिवशी. आजीनं हे पद इतकं मनावर घेतलं की पुढे पायऱ्यांचा हिशोब तीच आमच्यापेक्षा चोख ठेवू लागली.

झोपेचं थोडं शास्त्र आहे. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, म्हणून रात्री लवकर झोप येत नाही. त्यात सकाळच्या सत्राची शाळा सात-दहाला. झोपायची वेळ एकदम दोन तास मागे ओढायला जाऊ नका, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं सरकवा. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, आणि आईबापांचेही तिथंच. आमचेच नव्हते, ते लेकीनं पहिल्या रात्रीच दाखवून दिलं.

शाळेशी बोलणं

हे लवकर करा. आम्ही 'व्हायरल आहे' सांगत बसलो आणि दीड आठवडा घालवला.

पहिली भेट वाईट झाली. मी तोंडी सगळं सांगितलं, समोरून उत्तर आलं की आमच्याकडे असे प्रकार नसतात, घरी लाड कमी करा. दुसऱ्या वेळी एक पान लिहून नेलं, सोबत डॉक्टरांचं पत्र. कागद समोर असला की बोलणं 'तुमची मुलगी अशी का' यावरून 'आता काय करायचं' यावर येतं. आधी वर्गशिक्षिका, मग त्यांच्यासोबत पर्यवेक्षक, हा क्रम बरा. थेट मुख्याध्यापकांकडे गेलं की बाईंना वाटतं, आपली तक्रार झाली, आणि रोजचं काम तर त्यांच्याशीच असतं.

पानावर आम्ही मागितलेल्या गोष्टी अशा होत्या. सहा आठवडे उशिरा यायची परवानगी, म्हणजे प्रार्थनेच्या गर्दीतून आत जायला नको. फार घाबरल्यास दहा मिनिटं बसायला एक ठरलेली जागा. आम्हाला ग्रंथालय मिळालं. त्यासाठी एक खूण, जेणेकरून सगळ्यांसमोर हात वर करून सांगावं लागणार नाही: बाकाच्या कोपऱ्यावर निळं पेन आडवं ठेवलं की बाई नुसती मान हलवायच्या. प्रकट वाचनातून तात्पुरती सुटका. बुडालेल्या अभ्यासातलं अत्यावश्यक तेवढंच, बाकी माफ. आणि ती परत आल्यावर 'या बाईसाहेब, आठवण झाली वाटतं शाळेची' असं कुणीही म्हणायचं नाही. हे शेवटचं लिहिताना मला संकोच वाटला होता, पण बाईंनी त्याच वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

परवानगीला मुदत घाला. मुदत नसेल तर ग्रंथालय हाच नवा वर्ग होऊन बसतो.

शिडी

मानसोपचारात हे जुनं आणि पारखलेलं साधन आहे, सीबीटी नावाच्या, विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीचा गाभाच म्हणा. ज्याची भीती वाटते त्याच्या छोट्या पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीला दहापैकी मार्क द्यायचे आणि तीन-चारच्या पायरीपासून चढायचं. पायऱ्या मूल ठरवेल, तुम्ही फक्त लिहायच्या. आमची पहिली शिडी मी कंपनीच्या एक्सेल शीटवर बनवली होती, रंगबिरंगी. तिनं एकदा बघितली आणि लॅपटॉप बंद केला. चालली ती तिच्या हस्ताक्षरातली, वहीच्या मागच्या पानावरची:

१. रविवारी संध्याकाळी गाडीवरून शाळेसमोरून जायचं, थांबायचं नाही. (३)
२. गणवेश घालून सकाळी सातला स्वारगेटपर्यंत, मग परत. (४)
३. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहून मैत्रिणीकडून वह्या घ्यायच्या. (५)
४. दुपारी रिकाम्या वर्गात बाईंबरोबर दहा मिनिटं. (५)
५. ग्रंथालयात एक तास. (६)
६. मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास, चित्रकला असेल त्या दिवशी. (७)
७. मधल्या सुट्टीसकट. (८)
८. सकाळपासून सुट्टीपर्यंत.
९. पूर्ण दिवस, प्रार्थना सोडून.
१०. प्रार्थनेसकट.

मधली सुट्टी सातव्या पायरीवर कशी, असं मला वाटलं होतं. तास तर अवघड असतात ना? तिनं सांगितलं, तासाला कुठे बसायचं ते ठरलेलं असतं, सुट्टीत कुणाबरोबर बसायचं ते ठरलेलं नसतं. म्हणून म्हणतो, शिडी मुलालाच लिहू द्या.

चढायचे नियम थोडेच आहेत. एक पायरी भीती निम्म्यावर येईपर्यंत रोज करायची, मग पुढची. भीती शिगेला असताना पळ काढायचा नाही, थोडी उतरल्यावर निघायचं. चिंतेची लाट चढते तशी ओसरतेही, पुष्कळदा वीस-तीस मिनिटांत, पण मुलानं ती ओसरताना कधी पाहिलेलीच नसते. तिसऱ्या पायरीला पहिल्या दिवशी ती सहा मिनिटांत म्हणाली, "बाबा, चल." मी म्हटलं, "समोरच्या गाडीवरचा वडापाव खाऊ, मग निघू." वडापाव संपेस्तोवर आठाचे पाच झाले होते. ते तिनं स्वतः वहीत लिहिलं. माझ्या हजार शब्दांपेक्षा ती एक नोंद भारी होती.

श्वासाचा एक साधा उपाय त्या वेळी चालतो: चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर, चार-पाच मिनिटं. घरी शांत असताना आठवडाभर सराव केलेला असेल तरच. बुडताना पोहायला शिकता येत नाही.

प्रकट वाचनाची वेगळी छोटी शिडी केली. आधी घरी मला वाचून दाखवायचं, मग मुद्दाम एक शब्द चुकवून वाचायचं आणि पुढे जायचं. हे समुपदेशक ताईंनी सुचवलं, आणि मला ते खुळेपणाचं वाटलं होतं. पण खरी भीती वाचण्याची नव्हतीच, चुकल्यावर काय होईल याची होती. मग बाईंना एकटीला, मग दोन मैत्रिणींसमोर, शेवटी वर्गात आधी ठरवलेल्या चार ओळी. त्या चार ओळींत ती 'निश्चयाचा' या शब्दावर अडखळली आणि तशीच पुढे गेली. घरी येऊन हे सांगताना ती हसत होती.

ती सकाळ

सकाळी बोलणं कमीत कमी. रात्रीच ठरलेलं असू द्या: आज कुठली पायरी, कोण सोडणार, किती वेळ, परत कसं यायचं. आमच्याकडे तिची आई सोडायची, कारण माझ्या आवाजात माझीच चिंता ऐकू येते. ज्याला शांत राहता येतं त्यानं सोडावं, मग तो काका असो की शेजारची ताई.

"काही होणार नाही ना?" हा प्रश्न वीसदा येईल. एकदा नीट उत्तर द्या, मग म्हणा, "याचं उत्तर तुला माहीत आहे." प्रत्येक वेळी धीर देत बसलात की मूल धीरासाठी तुमच्यावर अवलंबून राहतं. फाटकाशी निरोप छोटा. रेंगाळलात तर तुम्हालाही वाटतंय की इथं धोका आहे, असं त्याला दिसतं. शाळेतून फोन आला, 'पोटात दुखतंय म्हणते', तर धावत आणायला जाऊ नका. ठरलेल्या जागी दहा मिनिटं बसवा म्हणा, मग परत विचारू. ताप किंवा उलटी असेल तर गोष्ट वेगळी.

आणि नाहीच जमलं एखाद्या दिवशी? ओरडू नका, बक्षीसही देऊ नका. त्या दिवशी एक पायरी खाली उतरून काहीतरी करा, अगदी नुसतं स्वारगेटपर्यंत जाऊन आलात तरी चालेल. दिवस पूर्ण कोरा जाऊ द्यायचा नाही, एवढंच. आमचे असे काही दिवस सारसबागेतल्या गणपतीपाशी संपले. शाळा तिथून फार लांब नाही, आणि तिला ते माहीत होतं.

घसरगुंडीच्या जागा

दिवाळीची सुट्टी. आम्ही नवव्या पायरीपर्यंत आलो होतो, तीन आठवड्यांनी शाळा उघडली आणि पुन्हा पहिल्या दिवशी सॉक्सचा एकच पाय. रविवारची संध्याकाळ, तापातून उठल्यावर, सहामाहीचा निकाल, बाकाची जागा बदलणं, या सगळ्या तशाच जागा. मोठ्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात दोनदा शाळेपर्यंत चक्कर मारा, बाईंना भेटून या, उठायची वेळ आधीच आणा. घसरलं की शिडी पहिल्यापासून सुरू करायची नसते, दोन-तीन पायऱ्या खाली जायचं. दुसऱ्यांदा चढायला कमी दिवस लागतात. आम्हाला पाचव्यापासून नवव्यापर्यंत नऊ दिवस लागले.

नातेवाईक हीसुद्धा एक घसरगुंडीच. सोसायटीत "आज शाळा नाही का?" विचारणारे असतातच. मुलाला एक तयार वाक्य द्या: "तब्येत बरी नव्हती, आता हळूहळू जातेय." एवढं पुरतं. धाकट्या भावंडालाही नीट सांगा. आमचा चौथीतला एके दिवशी म्हणाला, "मलापण पोटात दुखतंय." आम्ही हसलो, पण त्या संध्याकाळी त्याला एकट्याला घेऊन पर्वती चढून आलो.

तज्ज्ञांकडे केव्हा, कुठे

दोन आठवड्यांत फरक नसेल तर थांबू नका. जितके दिवस शाळा सुटते तितकं परतणं जड जातं. मनोविकारतज्ज्ञ हे एमडी किंवा तत्सम पदवीचे डॉक्टर, औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, चाचण्या आणि उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात गैर काही नाही. समुपदेशक ही पाटी कुणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण आणि किशोरवयीन मुलांचा अनुभव विचारून घ्या. पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न: "तुम्ही शाळेशी बोलाल का, आणि आम्हाला आठवड्याचा गृहपाठ द्याल का?" नुसत्या गप्पांवर वर्ष निघून जातं.

खाजगी फी परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. गर्दी असते, सकाळी लवकर जा, वही बरोबर न्या. टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. औषध सुचवलं तर घाबरू नका आणि घाईही करू नका. परिणाम दिसायला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत मुलाच्या मूडवर बारीक लक्ष ठेवायचं असतं, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचं नसतं.

मूल जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोललं, अंगावर कापल्याचे व्रण दिसले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, खाणंपिणं सुटलं, तर शाळेचा विषय त्या क्षणी बंद. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

वाचनाची, स्पेलिंगची अडखळ पहिलीपासून असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणीही करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती येते. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. आमच्याकडे तसं काही निघालं नाही.

हजेरी आणि बोर्ड

रात्री दोन वाजता आईबापांना जाग येते ती याच प्रश्नानं. बोर्डाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरीची अट असते. आजारपणामुळे कमी पडली तर वैद्यकीय कागद लावून शाळेमार्फत माफीचा अर्ज करता येतो. मानसिक आजार हाही आजारच, पण कागद पहिल्या आठवड्यापासूनचे हवेत, मार्चमध्ये जमवलेले चालत नाहीत. प्रत्येक भेटीची चिठ्ठी फाइलला लावत जा.

शाळा अगदीच जमली नाही तर वर्ष बुडतंच असं नाही. राज्य मंडळाची दहावी-बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून देता येते. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी, आदल्या वर्षीच संपते, तेव्हा नीट लक्ष ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा पर्यायही आहे. हे माहीत असू द्या, त्यानं तुमची छाती हलकी होते. पण शिडी चढणं चालू असताना मुलासमोर ते दार सताड उघडून ठेवू नका. भीतीनं शाळा सोडली तर तीच भीती पुढे कॉलेजच्या दारात भेटते. अर्थात एखादी शाळा मुलासाठी खरंच वाईट असते, तेव्हा दाखला काढून दुसरीकडे घालणं हाच उपाय. माझं मत असं की हा निर्णय मूल बऱ्यापैकी पायऱ्या चढलेलं असताना घ्यावा, घरी बसलेलं असताना नाही.

मुलगी यंदा दहावीत आहे. गेल्या महिन्यात व्हायरल झाला, खरोखरचा, चार दिवस शाळा बुडाली. पाचव्या दिवशी सकाळी तिनंच वहीचं मागचं पान उघडलं, आठव्या पायरीवर बोट ठेवलं आणि आईला म्हणाली, "आज इथून." फाटकाशी पोचल्यावर हेल्मेट काढून तिनं गाडीच्या आरशाला अडकवलं. घाईत पट्टा नीट बसला नाही, तर आईनं हाक मारली. ती मागे न वळता आत गेली.